काटकोन बाई आणि बुधवारचा तास

आमच्या शाळेत गणिताच्या बाईंना मुलं काटकोन म्हणायची. तोंडावर अर्थातच नाही. पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. "निदान विशालकोन तरी म्हणत नाहीत," असं त्या माझ्या कानात सांगायच्या आणि हेडसरांच्या पोटाकडे बघायच्या. ताठ मान, ताठ पाठ, आणि फळ्यावर नुसत्या हाताने काढलेली रेघसुद्धा पट्टीने मारल्यासारखी. त्या वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरची पोरंही आपोआप सरळ बसायची. मी भूगोल शिकवते. माझ्या तासाला मुलं खुशाल जांभया देतात. बाईंच्या तासाला जांभई द्यायची कुणाची टाप नव्हती.

त्यांची लेक आमच्याच शाळेत, नववीत. आईपेक्षा बुटकी आणि बारीक, म्हणून तिचं नाव लघुकोन. त्या पोरीची पंचाईतच होती. गणितात पैकीच्या पैकी पडले तर "आईनेच शिकवलं असणार", आणि चारदोन कमी पडले तर "आई गणिताची आणि हिचे हे दिवे!" शाळेत आईला बाई म्हणायचं, घरी आई. लहान असताना घरीही तिच्या तोंडून चुकून 'बाई' निघायचं आणि सगळे हसायचे. नववीत आल्यावर ती ते मुद्दाम म्हणायला लागली. मग कुणी हसेना.

त्याच वर्षी शाळेत समुपदेशक आल्या. त्याला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी दहावीतला एक चांगला हुशार मुलगा परीक्षेला म्हणून घरून निघाला आणि पोहोचलाच नाही. दिवसभर शोधाशोध. संध्याकाळी बागेतल्या बाकावर सापडला, पॅड मांडीवर घेऊन बसलेला. "पेपर सोपा असेल आणि तरी मला येणार नाही असं वाटलं," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर शाळेने ठरवलं की मुलांचं ऐकून घ्यायला कुणीतरी हवं.

या नव्या बाईंना माझी नकाशांची खोली दिली. माझे नकाशे गुंडाळून जिन्याखाली गेले. खोलीत टेबल नाही, खुर्ची नाही. चटई, चार उशा, कोपऱ्यात मातीचा गोळा, कुणाला हात चाळवत बोलायचं असेल तर. चपला बाहेर काढून आत जायचं. त्या बाईंचे केस आखूड, आवाज खालचा, आणि हसताना तोंडावर हात घ्यायची सवय. पहिल्या आठवड्यातच मुलं त्यांना ताई म्हणायला लागली.

"आपण वीस वर्षं घसा फोडतोय, आपण बाईच्या बाईच," काटकोन बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "ही आली आणि लगेच ताई! नातंसुद्धा लागलं!"

"मुलांना ताण असतो म्हणे," मी म्हटलं.

"ताण दोरीला असतो. आपल्याला होता का ताण? अभ्यास होता."

तोवर हे सगळं साधं कुरकुरणं होतं. स्टाफरूममध्ये कुणाबद्दल तरी कुरकुर चालूच असते, नाहीतर चहा गोड लागत नाही. पण एका बुधवारी बाई वर आल्या त्या न बोलता खुर्चीत बसल्या. बुधवारचा शेवटचा तास नववीला मोकळा असायचा. कुणी बँडपथकात जायचं, कुणी भिंतीवरचा फलक रंगवायचं, कुणी मैदानावर, आणि ज्याला हवं त्याने ताईंकडे. बाई खडूचं खोकं आणायला खाली गेल्या होत्या. ताईंच्या दाराबाहेर त्यांना एक चप्पल दिसली. उजव्या पायाचा पट्टा तुटला होता म्हणून त्यांनी स्वतःच निळ्या दोऱ्याने शिवलेली.

"माझी लेक आत होती," त्या म्हणाल्या.

"बरं मग?"

"हसत होती."

मी म्हटलं, "अहो, हसत होती तर चांगलंच आहे की! रडत असती तर काळजी."

"रडत असती तर मला समजलं असतं," बाई म्हणाल्या. "ती खदखदून हसत होती हो. वर्षभरात माझ्यापुढे एकदा तरी हसली का अशी? मला वाटायचं, मोठी झाली, आता हसत नाही. पण हसते ती. तिकडे हसते."

त्या दिवसापासून बाईंनी ताईंना पाण्यात पाहायला सुरुवात केली. पुढचं बरंचसं त्यांनी मला स्वतःच सांगितलंय, काही तेव्हा, काही नंतर, म्हणून मला माहीत.

घरी गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज शाळेत काय केलं?"

"काही नाही."

"शेवटच्या तासाला?"

"काही नाही, बाई."

बाईंचे यजमान चष्म्याचे दुकानदार. स्वभावाने इतके थंड की घराला आग लागली तर आधी चष्मा पुसून बघतील. बाईंनी त्यांना गाठलं. "तुम्हाला माहितीये का, आपली मुलगी त्या नव्या बाईंकडे जाते?"

"हो," ते म्हणाले. "मला विचारून जाते."

"तुम्हाला विचारून?"

"पालकांना सांगितलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. मग हिने मला सांगितलं. मी म्हटलं, जा."

"आणि मी कोण? शेजारीण?"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

बाईंकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. आता त्यांच्या पोटात दुप्पट दुखायला लागलं. परकी बाई ती परकी, घरचा माणूसही तिकडच्या गोटात.

मग त्यांनी ठरवलं, त्या बाईला जे जमतं ते आपल्याला न जमायला काय झालं? शेवटी आई आहोत. रविवारी दुपारी त्या लेकीच्या खोलीत गेल्या, पलंगावर न बसता खाली फरशीवर बसल्या. उशी मांडीवर घेतली. आवाज खाली आणला.

"बोल," त्या म्हणाल्या. "मन मोकळं कर."

लेक घाबरून उठूनच बसली. "आई, तुला बरं वाटत नाहीये का? बाबांना बोलावू?"

गुडघे धरून उठताना बाईंना जी कळ आली तिचा रागसुद्धा त्यांनी ताईंच्याच खात्यावर मांडला.

शाळेत त्यांचं लक्ष आता फळ्यावर कमी आणि जिन्याकडे जास्त असायचं. ताईंनी नवा झोळा आणला, बाईंना दिसला. मैदानावर दोन मुली ताईंच्या दोन्ही हातांना लोंबकळत होत्या, बाईंना दिसलं. "आमच्या हाताला कुणी लोंबकळत नाही," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्या हातात कंपास असतो, टोचेल." त्या हसल्या नाहीत.

एकदा लेकीच्या दप्तरात त्यांना ड्रम वाजवायच्या दोन काड्या सापडल्या. म्हणजे ती बँडपथकातही होती! गणिताच्या स्पर्धेतून आपलं नाव तिने परस्पर काढून टाकलं होतं आणि तो वेळ ड्रमला दिला होता. हे तिने बाबांना सांगितलं होतं, ताईंना सांगितलं होतं, बँडच्या सरांना सांगितलं होतं. गावभर माहीत होतं, फक्त आईला नाही. बाईंनी काड्या होत्या तिथे परत ठेवल्या आणि काही बोलल्या नाहीत. न बोललेलं त्यांच्या अंगी लागत नाही. दोन दिवसांनी शिक्षकांच्या सभेत ते बाहेर पडलं, पण निराळ्याच वाटेने.

"नववीचं गणित कच्चं आहे," त्या उभं राहून म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दहावी. निकाल खाली आला तर पालक मला विचारणार, बँडला नाही. बुधवारचा मोकळा तास मला द्या."

हेडसरांना निकाल म्हटला की घाम फुटतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बँडचे सर म्हणाले, "मुलांनी वाजवायचं कधी?" बाई म्हणाल्या, "रविवारी वाजवा." ताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बुधवारी माझ्याकडे नववीची बरीच मुलं येतात. तो एकच तास त्यांना मोकळा असतो. बाकी वेळी यायला त्यांना लाज वाटते, सगळे बघतात म्हणून. तास काढलात तर ती येणार नाहीत."

"ज्यांना खरंच गरज आहे ती येतील की मधल्या सुट्टीत," बाई म्हणाल्या, आणि ताईंच्या नजरेला नजर न देता खाली बसल्या.

हेडसरांनी तास बाईंना दिला. बाहेर पडताना बाईंचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, गणिताचा तास मिळाला म्हणून कुणी इतकं खूश होतं का? त्यांना गणित हवंच नव्हतं. ते दार बंद व्हायला हवं होतं.

पहिले एकदोन बुधवार बरे गेले. म्हणजे बाईंच्या दृष्टीने बरे. वर्ग गप्प, लेक पहिल्या बाकावर, समोर. कुठे गेली, कुणाशी हसली, असा प्रश्नच नाही. डोळे मात्र खिडकीबाहेर. लेकीने आता मधल्या सुट्टीत ताईंकडे जायला सुरुवात केली आणि डबा भरलेलाच घरी यायला लागला. बाईंनी तेही ताईंच्याच नावावर टाकलं. "पोरीला उपाशी ठेवते ती," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, तास कुणी काढला?" त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग तो बुधवार आला. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला सोडवायला बोलावलं. ही मुलगी डॉक्टरांची धाकटी. मोठ्या दोन्ही बहिणी पहिल्या आलेल्या, त्यामुळे हिच्याकडून घरच्यांच्या अपेक्षा काय असणार हे सांगायला नको. वर्गात कधी तोंडातून शब्द न काढणारी, वह्या मोत्यांसारख्या. ती उठली, फळ्यापाशी आली, खडू हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"लिही ना," बाई म्हणाल्या. "सोपं आहे."

तिचा हात थरथरायला लागला. खडू फळ्यावर टकटक आपटत होता. मग तिला धाप लागली, जशी लांबून पळत आलेल्याला लागते. ओठ पांढरे. खडू पडला. ती फळ्याला पाठ लावून खाली बसली आणि म्हणत राहिली, "मला श्वास येत नाहीये, मला श्वास येत नाहीये."

वीस वर्षांत बाईंनी वर्गात मारामाऱ्या सोडवल्या, दात पडलेले पाहिले, एकदा तर छतातून साप पडला तो पट्टीने बाहेर काढला. पण त्या दिवशी त्यांना एवढंच सुचलं, "पाणी! कुणीतरी पाणी आणा!" सगळा वर्ग उभा राहिला आणि कुणीच हलेना.

लघुकोन उठली. बाईंना न विचारता. "तुम्ही सगळे खाली बसा, तिच्याकडे बघू नका," ती वर्गाला म्हणाली. आईसारख्याच आवाजात म्हणाली, आणि सगळे बसले. मग ती त्या मुलीसमोर मांडी घालून बसली. तिचे दोन्ही हात घेतले. "काही होत नाहीये तुला. हे जातं. माझ्याबरोबर सोड श्वास. घ्यायचा नाही, आधी सोडायचा. फुंकर घालतो तसा. अजून. आता पायाखाली काय आहे सांग मला."

"फरशी," ती मुलगी रडत म्हणाली.

"गार आहे की गरम?"

"गार."

"बरं. अजून एक फुंकर."

हळूहळू धाप कमी झाली. लेकीने तिला उठवलं, खांद्याला धरलं आणि दारापाशी जाऊन पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "हिला ताईंकडे नेतेय," ती म्हणाली. परवानगी मागत नव्हती. बाईंनी मान हलवली.

तास संपल्यावर बाई स्टाफरूममध्ये न येता सरळ खाली गेल्या. नकाशे शोधायला मी जिन्याखाली होते, तिथून ते दार दिसतं, त्यामुळे मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं. ती मुलगी तोवर घरी गेली होती. बाईंनी दाराशी उभं राहूनच विचारलं, चप्पल काढली नाही.

"हिला आधीही असं व्हायचं?"

"व्हायचं," ताई म्हणाल्या. "तिच्या घरच्यांना माहितीये. बुधवारी यायची ती. मधल्या सुट्टीत नाही यायची, मैत्रिणी बघतात म्हणून."

"मला सभेत सांगायचं होतं."

"कुणाचं नाव घेऊन सांगू शकत नव्हते. नाव न घेता जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं होतं."

मला वाटलं, आता माफी मागतील. पण जळणारा माणूस इतक्या लवकर विझत नसतो.

"आणि माझी मुलगी? ती काय सांगते तुम्हाला?"

"ते मी नाही सांगणार, बाई."

"मी तिची आई आहे!"

"म्हणूनच नाही सांगणार."

"माझ्याबद्दल बोलते ना?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळं माहिती आणि मला काहीच नाही. नऊ महिने मी पोटात वाढवली, चौदा वर्षं मी सांभाळली, आणि आतलं गूळखोबरं तुम्हाला!"

ताईंनी तोंडावर हात घेतला नाही, हसल्याही नाहीत. "बाई, माझ्यापुढे बोलणं सोपं असतं, कारण मला काय वाटेल याची मुलांना फिकीर नसते," त्या म्हणाल्या. "तुमची असते. फार असते. तुम्ही तिलाच विचारा."

बाई आल्या तशा ताठ परत गेल्या. पण पुढच्या सभेत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बुधवारचा तास मला नको. शुक्रवारी सकाळी लवकर बोलवीन नववीला." हेडसर म्हणाले, "पण निकाल?" बाई म्हणाल्या, "निकाल माझ्यावर सोडा. धाप लागलेल्या मुलांना गणित येत नाही, मी बघितलंय." एवढं बोलून त्यांनी ताईंकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे रागानेच, पण पाहिलं.

लेकीला विचारायला मात्र त्यांना धीर होईना. पुढच्या रविवारी त्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. लेक आपणहून येऊन समोर बसली, तिनेही मूठभर शेंगा ओढल्या.

"तास परत दिलास," ती म्हणाली.

"दिला."

"थँक यू."

दाण्यांचा टपटप आवाज. मग बाईंनी मान वर न करता विचारलं, "एक विचारू? राग नको धरूस. मी एकदा त्या दारावरून जात होते. तू हसत होतीस. कशाला हसत होतीस?"

लेकीचे कान लाल झाले. "नको ना, आई."

"सांग."

"तुझी नक्कल करत होते."

मला हे सांगताना बाई म्हणाल्या, "खरं सांगते, मुस्काटात बसल्यासारखं झालं. ज्या हसण्यावर मी इतके महिने जळत होते, ते माझ्यावरच होतं!" पण त्या वेळी त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली आणि म्हणाल्या, "करून दाखव."

"आई, प्लीज."

"करून दाखव म्हणते ना!"

लेक उठली. फडताळाच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली, पाठ ताठ केली, हनुवटी वर नेली. शेंगेचं साल खडूसारखं धरलं. "हे इतकं सोपं आहे," ती नाकातून म्हणाली, "की हे न येण्यासाठी खास मेहनत घ्यावी लागते. घेतली आहे का कुणी? मागे घेतलेली दिसते." आणि मान न वळवता, फक्त डोळे वळवून तिने मागच्या बाकाकडे, म्हणजे गॅसच्या शेगडीकडे पाहिलं.

दारात यजमान येऊन उभे होते. ते खोकल्याचं निमित्त करून आत वळले.

बाई गंभीरपणे बघत होत्या. "खडू मी असा धरत नाही," त्या म्हणाल्या. "तीन बोटांत धरते. आण इकडे." त्यांनी उठून साल हातात घेतलं आणि दाखवलं. "आणि 'मागे घेतलेली दिसते' नाही म्हणत मी. 'मागच्या बाकावर तर शिबिरच भरलंय' म्हणते."

"हां, ते मी विसरले!"

"परत कर."

लेकीने परत केली. या वेळी बरोबर तीन बोटांत खडू, शिबिरासकट. आणि मध्येच तिचं तिलाच हसू फुटलं, तेच खदखदून. बाईही हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते मटाराच्या नावावर घातलं, जसं काही तो कांदाच होता.

मग श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "तिला याहून चांगली करून दाखवली असशील."

"आई!"

"विचारते आपलं."

त्यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. लेकीने ड्रम सोडला नाही, बाईंनी गणिताच्या स्पर्धेचा विषय सोडला नाही. ताईंशी त्या बोलायच्या, पण 'तुमच्या त्या चटईवर' असं काहीतरी मध्ये टोचून. डॉक्टरांची धाकटी बुधवारी जात राहिली. एकदा ती फळ्यापाशी आपणहून आली आणि अर्धं उदाहरण सोडवून जागेवर गेली. उरलेलं बाईंनी काही न बोलता स्वतः पूर्ण केलं.

लेक दहावीत गेल्यावर बँडमध्ये तिला एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली, फुंकायचा पितळी बाजा वाजवणारी. दोघी सतत बरोबर. ताईंकडे जाणं कमी कमी होत थांबलं. एक दिवस चहाच्या वेळी ताईच बाईंना म्हणाल्या, "तुमची लेक हल्ली येत नाही हं माझ्याकडे. चुकल्यासारखं होतं मला."

"हो का?" बाई म्हणाल्या. "अरेरे."

ते 'अरेरे' मी ऐकलंय. इतकं आनंदी अरेरे मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आठवीला गृहपाठ दिला नाही, ताईंना स्वतःच्या डब्यातलं काढून दिलं आणि वर "खा हो, वाळलात" असंही म्हणाल्या. मी चकित होऊन बघत होते.

शाळा सुटल्यावर आम्ही फाटकापाशी उभ्या होतो. समोरून लघुकोन आणि ती बाजावाली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालल्या होत्या, काहीतरी कुजबुजत आणि फिस्सकन हसत.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मान ताठ करून मला म्हणाल्या, "काय हो, ती बाजावाली कुणाची कोण? घरचे कसे आहेत तिच्या?"